वस्त्रगाळ बर्फ आणि गुदमरलेली स्लेड

गॅरेजमध्ये आणली की ठणठणीत, डोंगरात नेली की आजारी. दवाखान्याच्या दारात पोचताच पोराचा ताप उतरावा, तसा हा प्रकार जानेवारीभर चालला होता. आजारी होती माझ्या मित्राची स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पळणारी मोटरसायकलसारखी गाडी. तो मूळचा कराडचा, मी पुण्याचा. पोटापाण्यासाठी दोघंही अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बोझमनला आहोत. त्याला इंजिनांचं वेड आहे आणि मला इंजिनांवरून वाद घालण्याचं. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण यात आम्ही केलेली चूक शहाण्यासुरत्या माणसाला सहज सुचावी अशी होती. आम्ही तर ती दोनदा केली.

आधी जागा. बोझमनहून कुक सिटीला जायला हिवाळ्यात तीनेक तास लागतात. गार्डिनरला यलोस्टोन उद्यानाच्या उत्तरेकडच्या दारातून आत शिरायचं, लमार खोऱ्यात रस्ता अडवून उभ्या असलेल्या बायसनची मर्जी सांभाळायची आणि ईशान्येच्या दारातून बाहेर पडायचं. गार्डिनर ते कुक सिटी सुमारे ९० किलोमीटर. पलीकडचा बेअरटूथ महामार्ग हिवाळ्यात बंद, म्हणजे मोटारीच्या हिशेबाने हे शेवटचं गाव. गाव २,३०० मीटर उंचीवर आहे. तिथून स्लेडवर डेझी पास, लुलू पासच्या बाजूला चढलं की तीन हजार मीटरच्या आसपास पोचतो. (स्नोमोबाइलला इथे सगळे स्लेडच म्हणतात, मीही तेच म्हणेन.) वरचा बर्फ कोरडा आणि हलका. इथले लोक त्याला पावडर म्हणतात. मला तो आजीच्या वस्त्रगाळ त्रिफळा चूर्णासारखा वाटतो. फुंकर मारली की उडतो आणि नाकात जातो.

तो इंजिनाच्याही नाकात जातो, आणि हे प्रकरण तिथेच आहे.

पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा आणि मधे इंजिन, अशी स्लेडची साधी रचना असते. मित्राची स्लेड ८०० सीसी वर्गातली, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनवाली. गिअर नाहीत, आपल्याकडच्या गिअरलेस स्कूटरसारखेच दोन क्लच आणि मधे बेल्ट. मोटरसायकलला असतो तसा कागदी एअर फिल्टर मात्र स्लेडला सहसा नसतोच. बर्फावर धूळ कुठली यायला? कंपनी देते तो एक मोठा, बेढब प्लास्टिकचा एअरबॉक्स. हुडच्या, म्हणजे बॉनेटच्या वरच्या बाजूला, विंडशील्डच्या आसपास त्याच्या रुंद जाळ्या असतात. हवा तिथून आत येते, एकदोन वळणं घेते आणि मग थ्रॉटल बॉडीकडे, म्हणजे इंजिनात किती हवा सोडायची ते ठरवणाऱ्या झडपेकडे जाते. बघणाऱ्याला वाटतं, किती जागा वाया घालवलीय.

मित्रालाही तसंच वाटलं. डिसेंबरात त्याने कंपनीचा एअरबॉक्स काढून विकून टाकला आणि बाहेरचं इन्टेक किट, म्हणजे हवा आत घ्यायची नवी व्यवस्था, बसवलं. हुडच्या नाकावर पुढे तोंड करून दोन गोल भोकं, प्रत्येकी ७५ मिलिमीटरची. आतून गुळगुळीत नळ्या, टोकाला स्पंजचा फिल्टर. सोबत इंजेक्शनचं पेट्रोल थोडं वाढवणारी एक इलेक्ट्रॉनिक डबी. भोकं पाडायला त्याने जिगसॉ वापरली, म्हणजे परतीचे दोर त्या दिवशीच कापले गेले. इंजिनाचा आवाज मात्र जबरदस्त बदलला. एअरबॉक्स हा हवेचा सायलेन्सरसुद्धा असतो. तो गेला की टू-स्ट्रोकचं हवा ओढणं थेट कानावर येतं. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, ही समजूत कराड-पुण्यापासून मोंटानापर्यंत सारखीच आहे. आपल्याकडे असे फटफटणारे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, तरी नवे बसवणारे थांबत नाहीत.

आजाराची लक्षणं

दाबून घट्ट केलेल्या ट्रेलवर कितीही पळवा, तक्रार नाही. पावडरमध्ये शिरलं की पहिली पाचसात मिनिटं झकास. मग आवाज घोगरा व्हायचा. ८,००० वर राहणारा आरपीएमचा काटा ७,४००, ७,०००, ६,५०० असा पायऱ्या उतरायचा आणि चढावर स्लेड स्वतःसाठीच खड्डा खणून त्यात बसायची. बंद करून दहा मिनिटं थांबलं, डबा खाल्ला, पुन्हा चालू केली, की काही झालंच नव्हतं अशा थाटात इंजिन घुमायचं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती एका उघड्या चढाच्या ऐन मध्यावर बसली. या भागात उताराला एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून बघायचं, असा नियम आहे; कारण हिमस्खलन. गॅलटिन नॅशनल फॉरेस्ट ॲव्हलांच सेंटर कुक सिटीच्या परिसरासाठीही इशारे देतं आणि ते वाचल्याशिवाय आम्ही निघत नाही. त्या दिवशी धोका कमी होता. तरीही पाठीवर फावडं, अंगावर बीकन (बर्फाखाली गाडला गेलेला माणूस शोधायला मदत करणारं रेडिओ यंत्र) आणि समोर मित्र उताराच्या मधोमध बर्फ उपसतोय, हे अर्धा तास बघत बसणं काही सुखाचं नव्हतं. मदतीला जाता येत नाही. दुसऱ्या माणसाचं वजन त्याच उतारावर टाकायचं नसतं. तो स्लेड वळवून खाली आला तेव्हा म्हणाला, ‘‘आता हिचा निकाल लावायचा.’’

सगळ्यात पहिला संशय बेल्टवर. क्लचच्या खोलीत बर्फ गेला की बेल्ट ओला होऊन घसरतो आणि स्लेड चढत नाही. हा नेहमीचा अनुभव. पण बेल्ट घसरला तर इंजिनावरचा भार कमी होतो, काटा वर जातो आणि वेग खाली येतो. इथे दोन्ही एकदम खाली येत होते. म्हणजे बेल्ट निर्दोष. इंजिनच कमी जोर लावत होतं. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायच्या आधी मित्राने नवा बेल्ट विकत घेऊन बसवला होता, ते सोडून द्या.

मग पेट्रोल. टाकीत पाणी साचून नळीत गोठलं असेल, पंप थकला असेल, गाळणी चोंदली असेल. सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मग उंची, कारण तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्केच उरतो आणि इंजिनाची ताकद त्याच मापाने उतरते. पण ती पहिल्या मिनिटापासून उतरायला हवी, सातव्या मिनिटापासून नाही.

बोझमनच्या बाहेर एक म्हातारबाबा जुन्या शेडमध्ये स्लेड दुरुस्त करतात. आम्ही आमची सगळी शास्त्रं त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘ती दम तोडते त्या क्षणी हुड उघडून बघितलंत का?’’

बघितलं नव्हतं. उणे १५ अंशांत, कमरेएवढ्या पावडरमध्ये, हातमोजे काढून हुड कोण उघडणार? आधी स्लेड बाहेर काढायची, मग सपाटीवर आणायची, मग श्वास घ्यायचा. तोवर बंद इंजिनाची धग वर चढून हुडखालचं सगळं ऊबदार झालेलं असायचं. आमचा पुरावा बर्फाचा होता आणि आम्ही दर वेळी तो वितळल्यावर पंचनाम्याला जात होतो.

घटनास्थळी पंचनामा

पुढच्या शनिवारी ठरवूनच गेलो. उतार नको म्हणून झाडांमधलं सपाट, खोल पावडर असलेलं मैदान निवडलं. काटा ६,५०० वर आला की पूर्ण थ्रॉटलवर असतानाच इंजिन बंद करायचं, म्हणजे बिघाडाच्या क्षणाचा रंग स्पार्क प्लगवर तसाच राहतो. मित्राने लाल बटण दाबलं, मी हुड उचललं.

दोन्ही भोकांची तोंडं आतून बर्फाने थापल्यासारखी भरलेली. मधे बोटभर वाट, बाकी पांढरं. नळीत बोट घातलं तर भिंतींना बर्फाचा पातळ थर. टोकाचा स्पंज फ्रीजरमध्ये विसरलेल्या इडलीसारखा कडक. प्लग काढले तर काळेकुट्ट आणि ओले. पेट्रोल कमी पडलं असतं तर प्लग पांढुरके, कोरडे मिळाले असते. काळा आणि ओला प्लग म्हणजे पेट्रोल भरपूर, हवा तुटपुंजी. बर्फ वितळला तरी काजळी राहते, हा पुरावा आम्हाला तीन आठवडे आधीच मिळू शकला असता.

दोन गोष्टी एकदम घडत होत्या. जाडसर बर्फ तोंडाशीच अडकून वाट अरुंद करत होता. बारीक धूळ नळीतून आत जाऊन स्पंजात शिरत होती, तिथे हुडखालच्या उबेने थोडी वितळत होती आणि हवेच्या थंड झोताने पुन्हा गोठत होती. स्पंज पाणी धरून ठेवतो. हिवाळी डोंगरात इतका वाईट गुण दुसरा नाही.

इथे मराठी वाचकाला पावसाळा आठवेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मुंबईत साचलेल्या पाण्यातून गाडी रेटणाऱ्या कित्येकांच्या इंजिनांनी पाणी ओढलं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतात आणि इंजिन एका झटक्यात संपतं. पावडरचं तसं नाही. एक लिटर ताजी पावडर म्हणजे जेमतेम ५० ते १०० मिलिलिटर पाणी, आणि तेही हळूहळू येतं. इंजिन मरत नाही, गुदमरतं. म्हणूनच माणूस बेफिकीर राहतो आणि महिनाभर बेल्ट बदलत बसतो.

चाळणीची चूक

आता चूक. बर्फ आत जातोय ना? मग बारीक जाळी लावा. मित्राने वहिनींचे जुने स्टॉकिंग्ज मागून घेतले आणि दोन्ही भोकांवर ताणून बसवले. ही काही त्याची शोधबुद्धी नव्हे. इथले बरेच जण करतात. वहिनी म्हणाल्या, ‘‘एवढे हजारो डॉलर घातलेत त्या मशीनवर, आणि शेवटी माझे मोजे?’’

मोजे लावून स्लेड तीन मिनिटांत बसली. आधी सात मिनिटं तरी चालायची.

मग आम्ही मोजे वाईट आहेत असं ठरवून पाणी न धरणारी खास जाळी मागवली. हिच्या धाग्यांवर थेंब पसरत नाही, अळूच्या पानावरून ओघळावा तसा ओघळतो. जाळी उत्तम आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आम्ही ती त्याच ७५ मिलिमीटरच्या तोंडांवर चिकटवली. स्लेड आठ मिनिटं चालली. किटपेक्षा एक मिनिट जास्त.

परतीच्या वाटेवर लमार खोऱ्यात बायसननी रस्ता अडवला होता, गाडी बंद करून बसलो होतो, तेव्हा मला आईची सपिटाची चाळणी आठवली. चाळणी जितकी बारीक तितकी लवकर बुजते, आणि पीठ दमट असेल तर विचारूच नका. पण आई चाळणी बदलायची नाही. ती एका वेळी थोडंच पीठ घ्यायची आणि चाळणी मोठी वापरायची. आम्ही वाटीएवढ्या चाळणीवर अख्खा डबा उपडा करत होतो.

घरी येऊन आकडे मांडले. ८०० सीसी टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्यात ढोबळमानाने ०.८ लिटर हवा ओढतं. ८,००० आरपीएमला मिनिटाला ६,४०० लिटर. गच्चीवरची १,००० लिटरची टाकी डोळ्यासमोर आणा. तशा सहाहून जास्त टाक्या, दर मिनिटाला. एवढी हवा ७५ मिलिमीटरच्या दोन भोकांतून जायची. त्यांचं एकूण क्षेत्रफळ ८८ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला १२ मीटर निघतो, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. पडणारा हिमकण साधारण सेकंदाला एक मीटरने खाली येतो. त्याच्या बारापट वेगाचा वारा समोर असेल तर तो कण जाईल कुठे? भोक बर्फाला आवतण देत होतं, वर ओढूनही घेत होतं. आणि ते होतं नाकावर, स्कीने उडवलेल्या पावडरच्या ऐन फवाऱ्यात.

किटचा दावा असा होता की पुढे तोंड केल्यामुळे धावण्याच्या वेगाने हवा आपोआप आत कोंबली जाते. हाही हिशेब केला. पावडरमध्ये ताशी ३६ किलोमीटर वेग धरा. तीन हजार मीटरवरच्या थंड हवेत त्या वेगाचा दाब ४६ पास्कल येतो; पाण्याच्या भाषेत पाच मिलिमीटरहून कमी. तिथल्या हवेचा मुळातला दाब ७०,००० पास्कल. म्हणजे फायदा हजारात एक भागही नाही. ट्रेलवर ताशी १०० ने गेलं तरी जेमतेम अर्धा टक्का. त्या अर्ध्या टक्क्यासाठी आम्ही हुडच्या नाकाला भोकं पाडली होती. मी ‘आम्ही’ म्हणतोय, पण जिगसॉ माझ्या हातात नव्हती.

निळं पाणी

मित्र आकड्यांवर विश्वास ठेवत नाही, त्याला दिसायला हवं. म्हणून मॅनोमीटर, म्हणजे हवेच्या दाबातला फरक दाखवणारं साधन, केला. प्लायवूडच्या पट्टीवर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी बांधली, दोन्ही भुजा ६० सेंटिमीटर, त्यांत अर्ध्यापर्यंत गाडीची काच धुवायचं निळं पाणी, कारण साधं पाणी गोठेल. एक टोक फिल्टरच्या मागे इंजिनाच्या बाजूला टी-जॉइंटने जोडलं, दुसरं उघडं. इंजिनाच्या धक्क्यांनी पाणी नाचू नये म्हणून मधे माशांच्या टाकीचा छोटा कॉक घालून तो जवळजवळ बंद केला. समोर कॅमेरा. दोन्ही भुजांतल्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे इंजिनाला हवा ओढायला पडणारे कष्ट.

ट्रेलवर पूर्ण थ्रॉटलला फरक १२ सेंटिमीटर. पावडरमध्ये शिरल्यावर तो २०, ३० असा चढत गेला, आणि मग चित्रफितीत एक दृश्य आहे जे आम्ही नंतर अनेकांना दाखवलं: निळा स्तंभ वर सरकतो, नळीच्या टोकाशी पोचतो आणि गायब होतो. इंजिनाने ते पिऊन टाकलं. फरक ६० सेंटिमीटरच्या पुढे गेल्याशिवाय असं होऊ शकत नाही. ६० सेंटिमीटर पाणी म्हणजे ५.९ किलोपास्कल, तिथल्या एकूण दाबाच्या आठ टक्क्यांहून जास्त. किटने हजारात एक मिळवायच्या नादात शंभरात आठ घालवले होते.

आठ टक्के हवा कमी झाली तर ताकद आठ टक्के कमी व्हावी, स्लेड बसावी का? इथे या प्रकरणातला सगळ्यात नाजूक धागा हाती आला, आणि तो बर्फाचा नाही. हे इंजिन आत आलेली हवा थेट मोजत नाही. थ्रॉटल किती उघडलाय, आरपीएम किती आहेत, हवेचं तापमान आणि दाब किती, यावरून ते हवेचा अंदाज बांधतं आणि तेवढं पेट्रोल सोडतं. दाबाचा सेन्सर कंपनीने एअरबॉक्सच्या आत ठेवला होता. म्हणजे वाट थोडी अडली तर आतला दाब घटलेला त्याला कळायचा आणि पेट्रोल आपोआप आवरलं जायचं. किटमध्ये एअरबॉक्सच नाही, म्हणून सूचनापत्रानुसार तो सेन्सर हुडखाली मोकळ्यावर एका क्लिपमध्ये अडकवलेला. त्याला बिचाऱ्याला बाहेर सगळं आलबेल दिसत होतं. हवा घटत होती, पेट्रोल तेवढंच. वर ती इलेक्ट्रॉनिक डबी, ‘किटमुळे हवा वाढलीय’ असं गृहीत धरून आणखी पेट्रोल ओतणारी. शिवाय स्पंजातून सुटणारं पाणी. काळे प्लग तीन बाजूंनी काळे झाले होते.

डबी काढून टाकली तर? मित्राने लगेच विचारलं. मी नको म्हटलं, आणि इथे वाचकांनीही सांभाळावं. किटची वाट खरोखर मोकळी असते तेव्हा, म्हणजे ट्रेलवर, हवा थोडी वाढलेली असू शकते. अशा वेळी पेट्रोल कमी पडलं तर टू-स्ट्रोकचा पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. पेट्रोल जास्त झाल्याने स्लेड बसते. कमी झाल्याने इंजिनाचा चुराडा होतो. त्यामुळे आधी वाट ठीक करायची, मग सेन्सर जागेवर, मग डबी.

दुरुस्ती

माझा सल्ला सरळ होता: कंपनीचा जुना एअरबॉक्स कुठून तरी मिळव, नवं हुड घे, गप बस. मला आजही तेच योग्य वाटतं. त्या बेढब डब्यात वाया घालवलेली म्हणून जी जागा दिसते, तिथेच हवेचा वेग पडतो आणि बर्फ खाली बसतो. पण नव्या हुडची किंमत ऐकून मित्र म्हणाला, ‘‘अरे, तू इंजिनिअर आहेस ना? मग बनव की.’’

नाकावरची भोकं प्लास्टिकच्या तबकड्या रिव्हेट करून बुजवली. नवं तोंड विंडशील्डच्या मागे, हँडलच्या पुढ्यात, चालवणाऱ्याच्या बाजूला उघडणारं. तिथे पावडरचा फवारा डोक्यावरून निघून जातो. येते ती भोवऱ्यात फिरणारी थोडी धूळ. तोंडाचा आकार ३० बाय १४ सेंटिमीटर, म्हणजे ४२० चौरस सेंटिमीटर. त्याच हवेचा वेग आता सेकंदाला अडीच मीटर. त्यावर तीच पाणी न धरणारी जाळी, जी आधी नापास झाली होती. ती आडवी न ठेवता उभी, आणि वरची कड थोडी बाहेर झुकवून लावली, म्हणजे चिकटलेला बर्फ इंजिनाच्या थरथरीने आपल्याच वजनाने गळून पडतो. आडव्या जाळीवर तो बसून राहतो.

जाळीमागे डबा केला. पहिला नमुना निवडणुकीनंतर उरलेल्या प्रचाराच्या प्लास्टिक पाटीचा, पक्ष सांगत नाही. आत एक आडभिंत, तिच्याखालून हवा जाते आणि लगेच वर वळते. हवा वळू शकते, जड कण वळू शकत नाही. तो सरळ जाऊन तळाला आपटतो. तळ उतरता, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात आठ मिलिमीटरची दोन भोकं, पाणी जायला. या भोकांनी आम्हाला एक शनिवार खाल्ला. नुसती भोकं ठेवली तर इंजिन त्यांतूनच हवा ओढतं, आणि ती येते पट्ट्याच्या बाजूने, बर्फासकट. शेवटी चपटे रबरी ओठ असलेल्या झडपा बसवल्या. ओढ लागली की ओठ मिटतात, इंजिन बंद झालं की उघडून पाणी सोडतात. सांध्यांना दाराला लावतात तशी फोमची पट्टी, पण बंद छिद्रांची, पाणी न पिणारी. स्पंजाचा फिल्टर कायमचा रजेवर.

डबा इंजिनापासून शक्य तितका दूर आणि एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला ठेवला. गरम हवा ओढली की बर्फाचा प्रश्न सुटतो असं सांगणारे भेटतात, पण उणे १० ची हवा ३० अंशांवर गेली की ती १३ टक्के विरळ होते. बर्फाने घालवले आठ, उबेने घालवावेत तेरा, असा हा व्यवहार. वर कोमट जाळीवर बर्फ वितळतो आणि दुसऱ्या क्षणी काचेसारखा गोठतो.

सेन्सर डब्याच्या आत परत गेला. डबीचं जादा पेट्रोल टप्प्याटप्प्याने कमी केलं, दर टप्प्याला प्लग काढून रंग बघत. कॉफीच्या रंगाशी थांबलो तेव्हा डबीचा काटा जवळजवळ शून्यावर होता.

फेब्रुवारीच्या शेवटी ४० सेंटिमीटर नवा बर्फ पडला आणि आम्ही त्याच मैदानात गेलो. मॅनोमीटर सुरुवातीला ५ सेंटिमीटर, वीस मिनिटांनी ९. काटा ७,९०० च्या खाली आला नाही. सारख्याच मॉडेलची, कंपनीचा एअरबॉक्स असलेली एका ओळखीच्याची स्लेड शेजारून चढवली. दोघींत फरक माझ्या डोळ्यांना दिसला नाही. मित्राच्या कानांना दिसला.

दोन गोष्टी यानंतर अपघातानेच कळल्या. पहिली म्हणजे ऊबदार ट्रेलरमधून काढून लगेच पावडरमध्ये घातली की नवी व्यवस्थाही पहिल्या पाच मिनिटांत चोंदते, कारण जाळी आणि डबा अजून कोमट असतात. आता पोचल्यावर स्लेड आधी उतरवून ठेवतो आणि मग बूट, बीकन, चहा. अर्ध्या तासात सगळं बाहेरच्या थंडीला येतं. दुसरी जास्त गंभीर होती. मार्चमध्ये स्लेड कुशीवर उलटली, डबा बर्फाने भरला. मित्राने उभी करून तशीच चालू केली. थोड्या वेळाने थ्रॉटल सोडला तरी इंजिन खाली येईना. थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ धरला होता. मनगटाला बांधलेली टेदरची दोरी ओढली म्हणून इंजिन बंद पडलं. तेव्हापासून उलटल्यावर आधी डब्याचं झाकण काढून हाताने बर्फ काढायचा, थ्रॉटल दोनचारदा दाबून खटकन परत येतोय का बघायचं आणि मगच बटण. झाकणाला स्क्रू होते, ते काढून हाताने उघडणाऱ्या कड्या लावल्या.

एप्रिलमध्ये मात्र पारा शून्याजवळ येतो आणि बर्फ ओला, जड होतो. तो कसल्याही जाळीला चिकटतो, अळूचं पान असो की काही. त्यासाठी मित्राने हँडलला एक रंगाऱ्याचा मऊ ब्रश बांधून ठेवलाय. दर चढाच्या पायथ्याशी थांबतो, वाकून जाळीवरून दोनदा ब्रश फिरवतो आणि मग माझ्याकडे न बघता निघून जातो.